याला चिडवणं म्हणतात होय?

आमच्या घरात रोज सकाळी वर्तमानपत्रांची वाटणी होते. मराठी पेपराचं पहिलं पान आणि निधनवार्ता ह्यांच्याकडे. निधनवार्ता हे अलीकडे जरा जास्तच बारकाईने वाचतात. त्यात आपलं नाव नाही अशी खात्री करून घेतात आणि मगच दुसरा चहा मागतात. शब्दकोडं माझ्याकडे. आणि इंग्रजी पेपर सबंधच्या सबंध नातीकडे. ती पाचवीत आहे. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी फर्मान काढलंय, की रोज पेपरातून पाच नवे शब्द शोधायचे, अर्थ लिहायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. आता ज्या घरात ३७ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली आजी फुकट बसलेली आहे, त्या घरात डिक्शनरी उघडायचे कष्ट कोण घेणार?

"आजी, टीझ म्हणजे काय गं?"

"चिडवणं." मी उभा शब्द सोडवत होते. चार अक्षरी, 'र'ने सुरू होणारा.

"आणि ईव्ह म्हणजे?"

"ईव्ह म्हणजे बायबलातली पहिली बाई. ॲडम म्हणून पहिला पुरुष होता, त्याची बायको."

"मग ईव्ह-टीझिंग म्हणजे ॲडमच्या बायकोला चिडवणं?"

ह्यांनी निधनवार्तांतून डोकं वर काढलं.

"आणि इथे लिहिलंय की त्याच्यासाठी दोन जणांना पोलिसांनी पकडलं! नुसतं चिडवलं म्हणून पकडतात? मग दादाला का नाही पकडत? तो मला रोज ढोली म्हणतो."

मास्तरकीत एक हुकमी युक्ती असते. उत्तर येत नसलं किंवा देता येत नसलं, की म्हणायचं, 'चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला घेऊ.' मी तेच केलं. पण नोकरीत असताना पुढच्या तासाला घंटा तरी व्हायची. इथे नात समोरच बसलेली. तेव्हा हा लेख म्हणजे तो पुढचा तास आहे, असं समजा.

मुळात हा टीझ शब्द मोठा गोड आहे हो. त्याचा धंदा मूळचा लोकरीचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोकर ओढून, उकलून मोकळी करणं, म्हणजे आपला पिंजारी कापसाचं जे करतो ना, जवळजवळ तेच. युरोपात टीझल नावाचं एक काटेरी झाड असतं. त्याच्या वाळलेल्या बोंडांना बारीक बारीक वाकडे आकडे असतात. ती बोंडं चौकटीत बसवून लोकरीच्या कापडावरून फिरवत, की त्याची मऊ लव वर येई. म्हणजे काटे असायचे, पण कापड फाडण्यासाठी नाही, ऊबदार करण्यासाठी. माणसाला चिडवणं हा अर्थ पुढे चारेकशे वर्षांपूर्वी चिकटला, आणि ज्याने तो प्रथम चिकटवला तो मोठा रसिक असला पाहिजे. चांगलं चिडवणं हे असंच असतं की नाही? काटा लागतो, ओरखडा उठत नाही, आणि माणूस जरा मऊ होतो.

माझ्या तरुणपणी केसांचं सुद्धा टीझिंग असे. सिनेमातल्या नट्यांसारखा पफ काढायचा म्हणून उलटा कंगवा फिरवून केस फुगवायचे. मीही एका लग्नात काढला होता. आजी म्हणाली, "डोक्यावर सुगरणीचं घरटं घेऊन कुठे निघालीस?" हे मात्र अस्सल टीझिंग. केसांचंही आणि माझंही.

आपल्या मराठीत तर या प्रकाराची एक अख्खी बाजारपेठ आहे. थट्टा, मस्करी, चेष्टा, गंमत हा एक कप्पा. चिडवणं, खिजवणं, डिवचणं, खोडी काढणं हा दुसरा. टिंगल, टवाळी, कुचेष्टा हा तिसरा. इथे जरा आंबट वास यायला लागतो. आणि सतावणं, पिडणं, गांजणं, छळणं हा चौथा. तो कप्पा उघडताना हात जपून घालावा. आपल्या बायका हे कप्पे कधी एकमेकांत मिसळू देत नाहीत. माझे सासरे माझ्या पहिल्या पोळीला, "भाकरी छान झाली हो," असं म्हणाले, ती थट्टा. त्याच पोळीबद्दल माझ्या चुलत सासूबाई चार जणींत जे बोलल्या, ती कुचेष्टा. पोळी तीच, जाडीही तीच. पण फरक कळायला मला व्याकरणाचं पुस्तक लागलं नाही.

चिडवण्याचे काही अलिखित नियम आहेत. पहिला नियम, ओळख पाहिजे. लग्नात करवल्या नवऱ्या मुलाला चिडवतात, वाटेने जाणाऱ्याला नाही. दुसरा नियम, उलट उत्तर द्यायची सोय पाहिजे. सासरे भाकरी म्हणाले, तेव्हा मी म्हटलं होतं, "मामंजी, कवळी नवी आहे ना, हळूहळू सवय होईल." घर हसलं, सगळ्यांत जास्त सासरे हसले. आणि तिसरा नियम सर्वांत मोठा. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की थांबायचं. हे तीन नियम आमच्या दादालासुद्धा माहीत आहेत, आणि तो फक्त चौदा वर्षांचा आहे.

आता मला सांगा, बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या बाबतीत यातला कोणता नियम पाळला जातो?

मी १९७६ साली नोकरीला लागले. गिरगावातून दादरला जायचं. वय एकवीस. नवी कोरी सुती साडी, हातात पुस्तकं, आणि आपण देशाची भावी पिढी घडवायला निघालो आहोत असा चेहरा. थांब्यावर एक इसम रोज यायचा. 'इसम' हा पोलिसी शब्द मुद्दाम वापरते, कारण 'गृहस्थ' म्हणायला माझी जीभ धजत नाही. तसा दिसायला गृहस्थच. इस्त्रीचे कपडे, हातात डबा. तो काय करायचा हे मी इथे सविस्तर लिहीत नाही. वाचकांतल्या बायकांना ते सांगायची गरज नाही, आणि पुरुषांना आपापल्या बायकोला विचारता येईल. फक्त एवढं सांगते, की बसच्या गर्दीचा धक्का वेगळा आणि हा वेगळा, हे बाईच्या पाठीला कळतं. पाठीला डोळे नसतात हे फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकात.

एक दिवस मी ओरडले. कंडक्टर म्हणाला, "बाई, जाऊ द्या ना, केली असेल मस्करी." मस्करी! मी त्या इसमाची कोण लागत होते? आतेबहीण? आणि गंमत अशी, की सगळी बस माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे कुणीच नाही. तो खिडकीबाहेर, जणू काही मुंबई पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा बघत होता.

शेजारच्या सीटवर एक पोक्त बाई होत्या, नऊवारीतल्या. त्यांनी स्वतःच्या पदराची सेफ्टी पिन काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं दोन लावत जा. एक पदराला, एक पदराच्या मागं येणाऱ्याला." भाषाशास्त्राचं इतकं स्वच्छ शिक्षण मला नंतर बी.एड.लासुद्धा मिळालं नाही. त्या बाईंना टीझ शब्द माहीत नव्हता, म्हणूनच त्यांना प्रकार काय आहे ते बरोबर माहीत होतं.

घरी सांगितलं. वडील दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "तू थांबा बदल." वाईट माणूस नव्हते हो ते. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. पण मुलीचं नाव चौकीच्या वहीत जायला नको, हे त्या काळचं शहाणपण. मी थांबा बदलला. जाताना वीस मिनिटं जास्त चालायचं, येताना वीस. परवा शब्दकोडं अडलं होतं म्हणून बसल्या बसल्या हिशेब केला. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले, तर रोजच्या ४० मिनिटांचे होतात २०० तास. असं मी दोन वर्षं केलं. म्हणजे ४०० तास मी ऊन-पाऊस झेलत चालले. कशासाठी? तर मला कुणीतरी 'चिडवलं' होतं म्हणून! आणि तो इसम? तो आपल्या नेहमीच्या थांब्यावर, नेहमीच्या बसने, नेहमीच्या वेळेला कामावर जात होता. त्याला कुणी थांबा बदलायला सांगितलं नाही.

हे सगळं ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, "प्रकार वाईट, कबूल. पण तुझं भांडण शब्दाशी का? नाव बदलल्याने काय होणार?"

हे आयुष्यभर सरकारी हिशेबखात्यात होते. मी म्हटलं, "तुमच्या खात्यात कुणी पैसे खाल्ले, तर शेरा काय मारायचा तुम्ही?"

"अफरातफर."

"'तिजोरीशी चेष्टा' असा का नाही मारला कधी?"

हे गप्प. मी संधी सोडली नाही. खिसा कापला तर त्याला खिसा-गुदगुल्या म्हणत नाहीत. दरोड्याला दार-थट्टा म्हणत नाहीत. भेसळ करणाऱ्याने दुधाची मस्करी केली असं कुठल्या पेपरात छापून येत नाही. पैसा, दूध, दागिना, सायकल, कशालाही हात लागला, की मराठीला आणि इंग्रजीला कसे नेमके, टोकदार शब्द सापडतात! बाईला हात लागला की मात्र दोन्ही भाषा एकदम खेळकर होतात.

आणि हा शब्द बनवला कुणी? इंग्रजांनी नाही. लंडनच्या माणसाला ईव्ह-टीझिंग म्हणा, तो गोंधळून बघेल. हा आपलाच देशी माल, भारतीय उपखंडातल्या इंग्रजीचा. १९६० नंतरच्या वर्षांत तो आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत चांगलाच रुळला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुली घराबाहेर पडत होत्या, आणि त्यांच्या मागून हा शब्द बाहेर पडला. बरं, ईव्हच का? बायबलात ईव्हला कुणी चिडवल्याचं मी तरी वाचलेलं नाही. एक साप तिच्याशी बोलला, पण तोसुद्धा सभ्यपणे. धक्का मारला नाही, शीळ घातली नाही. मग हे नाव का घेतलं? तर ईव्ह म्हटलं, की सफरचंद आठवतं, मोह आठवतो, आणि 'सुरुवात तिनंच केली' हेही आठवतं. म्हणजे शब्दाच्या पहिल्या अर्ध्यात बाईवर ठपका आणि दुसऱ्या अर्ध्यात पुरुषाला सूट. एका शब्दात सगळा निकाल! आणि ॲडम कुठेच नाही. गुन्ह्याच्या नावात फिर्यादी आहे, आरोपी गायब.

तुम्ही म्हणाल, मराठीत तरी काय दिवे लावले आहेत? खरं आहे. 'छेडछाड' ऐका. काय यमक आहे! लेझीम खेळावंसं वाटतं. आणि वाक्य कसं, तर 'मुलीची छेडछाड झाली.' झाली! पाऊस झाला, उशीर झाला, तशी छेडछाड झाली. केली कुणी, ते विचारायचं नाही. दुसरा शब्द 'विनयभंग'. हा भारदस्त आहे, पण त्यातही विनय माझा आणि भंग त्याने केलेला. मग तपास सुरू होतो तो माझ्या विनयाचाच. साडी कुठली होती, वेळ काय होती, हसलात का?

कायद्याची गोष्ट आणखी मजेची. १८६० च्या दंडसंहितेत बाईवर हात टाकणं, तिचा अपमान होईल असा शब्द किंवा खूण करणं, हे गुन्हे होतेच. कलम ३५४ आणि ५०९. साहेबाच्या त्या जुन्या पुस्तकात कुठेही 'चिडवणं' नव्हतं. ते आपण नंतर स्वतःच्या हौसेने आणलं. १९९८ साली चेन्नईत अशाच प्रकारात एका कॉलेजच्या मुलीचा जीव गेला. तमिळनाडू सरकारने तातडीने कायदा केला, पण त्याच्या नावातच ईव्ह-टीझिंग! मुलगी मेली आणि कायद्याच्या मथळ्यावर 'चिडवणं' लिहिलं गेलं. पुढे बहुधा त्यांचं त्यांनाच ते बोचलं असावं, कारण नाव बदलून 'स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध' असं करण्यात आलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर २०१३ साली कायद्यात लैंगिक छळ, पाठलाग असे सरळ शब्द आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते आहेत. म्हणजे कायद्याला जे समजलं, ते आमच्या पेपराला अजून समजायचं आहे.

आणि नुसतं चिडवणंच असेल, तर त्याचा बंदोबस्त करायला एवढी धावपळ का? १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली खास बायकांची लोकल सुरू केली. चिडवाचिडवीसाठी कुणी आख्खी गाडी सोडतं? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की बसथांब्यांवर, स्टेशनांवर साध्या वेषातल्या महिला पोलीस ठेवा. आणि २०११ च्या ऑक्टोबरात, आपल्या मुंबईत, अंधेरीच्या आंबोलीत, मैत्रिणींना त्रास देणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुण मुलांचा खून झाला. तेव्हाही बातम्यांत हाच शब्द होता. ज्याला हटकल्यावर माणसं मरतात, त्याला चिडवणं म्हणायचं?

इथे माझाही एक कबुलीजबाब. तरुणपणी आम्ही मैत्रिणी सिनेमाला जायचो. पडद्यावर नायक सायकलवरून, मोटारीतून, एकदा तर हेलिकॉप्टरमधून सुद्धा नायिकेच्या मागे लागायचा. ती 'नको' म्हणायची, तो गायचा. ती रागवायची, तो आणखी एक कडवं गायचा. तिसऱ्या कडव्याला ती हसायची आणि आम्ही टाळ्या पिटायचो. स्वतःच्या पैशांची तिकिटं काढून हो! त्याच थेटरच्या अंधारात मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी पाय आमच्या खुर्चीला लागत असायचा, आणि त्यालाही वाटत असणार, की आपण आता तिसऱ्या कडव्यावर आलो. शाळेत पोरींनी तक्रार आणली, की मीसुद्धा सुरुवातीला, "लक्ष देऊ नकोस गं," म्हणायचे. माझ्या वडिलांचंच वाक्य, फक्त थांबा बदललेला. हे शहाणपण सुटायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून दोष फक्त पेपरवाल्यांवर टाकून मी मोकळी होत नाही. तो शब्द आम्हीही वापरला. कारण तो सोयीचा होता. 'छळ' म्हटलं की काहीतरी करावं लागतं. 'चिडवलं' म्हटलं की नुसतं हसून सोडता येतं.

पण त्यामुळे नुकसान दोन्हीकडे झालं. छळाला गोड नाव मिळालं, आणि चिडवण्यासारख्या चांगल्या गोष्टीची बदनामी झाली. आता भाच्याने मामीची थट्टा केली, तरी टीझ म्हणायची चोरी. माझं मागणं साधं आहे. ज्याचं त्याला द्या. दादा नातीला ढोली म्हणतो, ते चिडवणं. ते घरातल्या घरात मिटेल, एका धपाट्यात. बसमध्ये जो हात लावतो तो छळ, जो मागे मागे येतो तो पाठलाग. तो करणाऱ्याचं नाव वाक्यात पहिलं घ्या, कर्त्याच्या जागी. व्याकरणात कर्ता म्हणून एक गोष्ट असते, ती कधीतरी वापरायला काय हरकत आहे?

संध्याकाळी नातीला जवळ घेतलं आणि तिच्या वयाला झेपेल एवढं सांगितलं. तीन नियम सांगितले. पिनेची गोष्टही सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पेपरातलं चुकलं?"

"चुकलं."

तिने माझं जुनं लाल पेन मागितलं, पेपरातल्या त्या शब्दाखाली ठसठशीत रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'राँग वर्ड'. अक्षर थेट माझ्यासारखं. मग वहीत पाच शब्द पूर्ण केले. टीझ या शब्दाचा वाक्यात उपयोग असा केला होता: 'आजोबा आजीला चिडवतात. आजी पण आजोबांना चिडवते. मग दोघं चहा पितात.' सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. मी दहापैकी दहा दिले.

ह्यांनी ती वही वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "मग आता तुला चिडवायचं असेल, तर मी अर्ज कुणाकडे करायचा?"

"तोंडी चालेल," मी म्हटलं, "पण आधी चहा टाका."